ढकलून न पाहिलेलं दार

लढाईच्या दिवसांत मी रेल्वेत होते. स्टेशनाचं नाव लिहीत नाही; घाट उतरायच्या आधीचं, एवढं पुरे. नवरा रुळांवर गँगमध्ये होता, तो तापानं गेला, आणि मला बायकांच्या वेटिंग रूमवर आया म्हणून घेतलं. खोली झाडायची, माठ भरायचा, बायकांना डब्यात चढवायचं, उतरवायचं. लढाई सुरू झाल्यावर त्यात आणखी एक काम वाढलं, ते दाराचं.

गाड्यांना गर्दी फार व्हायला लागली होती. पुरुषमाणसं रुळांच्या बाजूनं येऊन बायकांच्या डब्यात घुसायची. शिवाय त्या जुन्या डब्यांची दारं बाहेर उघडत आणि त्यांच्या कड्या झिजलेल्या. घाटात डबा हलला की कडी उचकटायची. म्हणून मुंबईकडे उतरणारी गाडी आली, की बायकांच्या डब्याचं फलाट नसलेल्या बाजूचं दार मी चावीनं बंद करायचं, असा हुकूम होता. चावी लोखंडी, चौकोनी तोंडाची. भोकात घालून अर्धा फेरा दिला की आतली खिट्टी बाहेर यायची आणि दार लागायचं. त्याच बाजूला पुन्हा अर्धा फेरा दिला की खिट्टी आत जायची आणि दार सुटायचं. हाताला दोन्ही सारखंच लागे. म्हणून स्टेशनमास्तरांनी शिकवताना सांगितलं होतं, चावी फिरवा आणि दार ढकलून बघा. चावी फिरवली म्हणजे काम झालं असं धरू नका.

वर्षभर मी तसंच केलं. रोज दार सुटलेलं यायचं, रोज मी लावायची. पुढे पुढे हात आपोआप चालायला लागला. डोकं दुसरीकडे असलं तरी चावी फिरायची.

तो दिवस श्रावणातला. सकाळचे दहा वाजले असतील, पण धुकं इतकं की फलाटाच्या या टोकावरून इंजिन दिसत नव्हतं. कुसगावची एक सून आपल्या सासूला मुंबईला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन निघाली होती. म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, हाताला धरून चालवावं लागे. डब्यात बाकं भरलेली. म्हातारीला बसायला जागा राहिली ती खाली, पलीकडच्या दाराला पाठ लावून.

"बाई, पाठीशी दार हाय न्हवं?" म्हातारीनं हातानं चाचपत विचारलं. "घाटात उघाडलं मंजी?"

"कुलूप लावतेय. टेका खुशाल," मी म्हटलं.

"आत्याबाई, बसा की गप," सून म्हणाली. "गाडी काय तुमच्यासाटी थांबनार न्हाई."

"तुला काय गं, मी पडले तर मुंबईला जायाचा तरास वाचंल तुजा."

"पडू नगा. डाक्टरला दाकवायचं म्हनून मी लुगडं धुऊन नेसलेय."

डब्यातल्या बायका हसल्या. मीही हसले. हसत हसतच म्हातारीच्या डोक्यावरून हात नेला, भोकात चावी घातली आणि अर्धा फेरा दिला. ढकलून पाहायचं तर तिला उठवायला हवं होतं. मी उठवलं नाही. तिचा भार दारावर होताच आणि दार हललं नव्हतं. म्हणजे लागलं, असं मी धरून चालले. खाली उतरले. शिट्टी झाली. गाडी धुक्यात गेली.

फलाटावर आमचे हमालचाचा हातगाडीवर बसून विडी ओढत होते. तळेगावकडचे, मुसलमान, वयानं माझ्या वडिलांएवढे. ते म्हणाले, "काय बाई, आता तुमची चैन हाय. दारं आदीच बंद हून येत्यात."

"कुठली दारं?"

"बायकांच्या डब्याची. पलीकडची. गार्ड सांगत व्हता, आजपास्नं पुन्यालाच चावी मारून सोडनार. तितं मास्तरांच्या खोलीभाईर कागद लावलाय की. तुमास्नी तर वाचाया येतं."

मला वाचायला येत होतं. चार यत्ता झाल्या होत्या. सकाळी त्या कागदाखालून मी दोनदा माठ घेऊन गेले होते.

चाचा पुढं काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. दार लावूनच आलं होतं. मी दिलेला अर्धा फेरा ते सोडण्याचा होता. आणि म्हातारीला मीच सांगितलं होतं, टेका खुशाल. आता तिच्या पाठीशी फक्त ती झिजलेली कडी होती.

खरं लिहायचं तर मी लगेच धावले नाही. एक भाकरी थापून व्हावी इतका वेळ तिथंच उभी होते. मनात म्हातारी नव्हती, नोकरी होती. कडी धरेल, असं मी स्वतःला सांगत होते. रोज थोडीच उचकटते? मग घाटातलं ते वळण आठवलं, जिथं बाकावर बसलेली बाईसुद्धा शेजारणीच्या अंगावर जाते. तिथं खाली दरी आहे. मी मास्तरांच्या खोलीकडे पळाले.

"मास्तर, बायकांच्या डब्याचं दार सुटलेलं गेलंय. पलीकडचं. एक आंधळी म्हातारी त्याला टेकून बसलीये."

मास्तर लिहीत होते. मान वर करून म्हणाले, "पुण्याहून बंद करून पाठवलंय ना?"

"मी उघडलं. लावायला गेले आणि उघडलं."

"ढकलून पाहिलं होतंत?"

"नाही."

ते ओरडले नाहीत. टेलिफोनची मूठ गरागरा फिरवायला लागले. पुढच्या स्टेशनला विचारलं. तिथून आत्ताच गेली, असं उत्तर आलं. आता उरली घाटातली सिग्नलची केबिन. तिथं प्रत्येक गाडीला ब्रेक तपासायला थांबावंच लागे. मास्तरांनी तिथं फोन लावला, गाडी आली की गार्डाला बायकांच्या डब्याकडे पाठवा म्हणून सांगितलं, आणि रिसीव्हर कानालाच धरून बसले.

मी दाराशी उभी. त्या खोलीत घड्याळ होतं, मी त्याच्याकडे पाहिलं नाही. मास्तरांच्या तोंडाकडे पाहत होते. मध्ये किती बोगदे येतात ते मला माहीत होतं, मी ते मनात एकेक करून मोजायला लागले आणि मोजताना चुकले, पुन्हा पहिल्यापासून मोजले. पायाखाली माझ्या पावसानं भिजलेल्या लुगड्याचं पाणी साचलं होतं.

"आली," मास्तर म्हणाले. मग त्यांचा चेहरा बदलला.

"दार सताड उघडं आहे म्हणतात. तिथं कुणी बसलेलं नाही."

मी दाराबाहेर, गाडी गेली त्या बाजूला बघायला लागले.

"बाई, इकडं बघा. डब्यात किती जणी होत्या?"

चढवताना मी नेहमी मोजायची. "अकरा. आणि दोन पोरं."

त्यांनी फोनमध्ये अकरा सांगितलं. तिकडं मोजायला लागले असावेत. मास्तरांनी हातानं मला थांबा अशी खूण केली, जशी काही मी कुठं निघालेच होते. मग ते हळू आवाजात म्हणाले, "नऊ भरतात."

दोघी कमी. म्हणजे म्हातारी गेली आणि तिला धरायला गेलेली सून गेली. मला एवढंच कळलं. रडू आलं नाही. बाकीच्या नऊ जणी काय करत होत्या, एकीनंही साखळी कशी ओढली नाही, असं काहीबाही डोक्यात येत होतं. मास्तर फोनमध्ये ओरडून विचारत होते, "कुणी पाहिलं का? बायकांना विचारा! दार कधी उघडलं?"

मग ते ऐकत राहिले. रिसीव्हर खाली ठेवला, टोपी काढली आणि कपाळ पुसलं.

"संडासात आहेत," ते म्हणाले. "दोघीही. गाडी उतरणीला लागली आणि म्हातारीचं पोट बिघडलं. सून तिला घेऊन आत गेली. त्यांच्यामागे दार उघडलं. बायका ओरडताहेत म्हणून आतून कडी घालून बसल्यात, उघडायला तयार नाहीत."

देवानं वाचवलं असं पुढं कित्येकांनी मला सांगितलं. मी म्हणते, म्हातारीच्या पोटानं वाचवलं. माझा त्यात काडीचा हात नव्हता. मी फोन करायला लावला तोवर दार उघडूनही गेलं असेल.

दुपारी मास्तरांनी कागद पुढं केला. "काय झालं ते तुमच्या हातानं लिहून द्या. वर पाठवावं लागेल."

चाचा दाराबाहेर होते. हळूच म्हणाले, "बाई, लिवा की खिट्टी नादुरुस्त व्हती. कोन बघाया येतंय? जुना डबा हाय."

"खिट्टी बरी होती, चाचा."

"मंग पुन्यावाल्यांनी लावलंच न्हवतं म्हनून लिवा."

तो पुण्याचा माणूस कोण हे मला माहीत नव्हतं. त्यानं दार नीट लावून पाठवलं होतं. मी तीन ओळी लिहिल्या. दार बंद होतं, मी चावी फिरवून ते सोडलं. नंतर ढकलून पाहिलं नाही. म्हातारीला टेकून बसा असं मी सांगितलं.

मास्तरांनी वाचलं. म्हणाले, "तिसरी ओळ कुणी विचारलेली नाही."

"राहू द्या," मी म्हटलं.

नोकरी गेली नाही. तीन महिने मला डब्यांजवळच्या कामावरून काढलं, फक्त झाडू आणि माठ ठेवला. कुसगावच्या त्या दोघींना, दार कुणी उघडलं होतं हे कुणी सांगितलं की नाही, मला माहीत नाही. मी सांगायला गेले नाही. कुसगाव आमच्या स्टेशनापासून पायी अर्ध्या-पाऊण तासावर होतं. पुढं मी कितीदा तरी त्या वाटेनं गेले, आणि दर वेळी गावात न वळता पुढच्याच कामाला गेले.