ह्यांचं सकाळचं फिरणं

आमचे हे बसचे कंडक्टर होते. एका दमात सगळे थांबे म्हणायचे, त्यातच माणसं पुढे सरकवायची आणि सुट्ट्या पैशांवरून भांडायचंही. आता थंडी पडली की दम लागून दुसऱ्या थांब्यालाच ह्यांची गाडी बंद पडते.

थंडीत धूर वर जातच नाही. गाड्यांचा, कारखान्यांचा, कोपऱ्यावर कचरा जाळतात त्याचा, सगळा खालीच बसून राहतो, चिकट पाहुण्यासारखा. मागल्या थंडीत ह्यांना दवाखान्यात ऑक्सिजन लावावा लागला. डॉक्टरीणबाई आमच्या नातीच्या वयाची. तिने बजावलं, सकाळी बाहेर पडायचं नाही, ऊन चढल्यावर फिरा, श्वासाचा पंप जवळ ठेवा. पुन्हा असं झालं तर छाती साथ द्यायची नाही, हे मला बाजूला घेऊन सांगितलं.

ऐकतील तर ते हे कसले! उजाडायच्या आत मफलर गुंडाळून बागेतल्या बाकावर हजर. सोबतीला न्हावी आणि नळवाले, दोघं ह्यांच्याच वयाचे. दुपारी जा म्हटलं तर म्हणायचे, एक सकाळ दिसलो नाही की ते दोघं मी अंथरुणाला खिळलो असं ठरवून मोकळे होतील. पंप तर चारचौघांत ओढायचाच नाही, म्हातारपण दिसतं म्हणे. तोंडात स्वतःचा एक दात नाही, ते काय दिसत नाही का, असं विचारलं तर ऐकू आलं नाही.

एका सकाळी पंप उशाशीच राहिला. माझे गुडघे दुखत होते, तरी तो घेऊन मी तोंडावर रुमाल धरून निघाले. समोरचं झाड दिसत नव्हतं. खोकल्यावरून बाक सापडला. फिरत कुणीच नव्हतं. हे गुडघ्यांवर हात टेकून श्वास ओढत होते, आणि न्हावी मुद्दाम दुसरीकडे बघत होता. मी सरळ पंप ह्यांच्या तोंडाला लावला.

हे जरा सावरले, तशी न्हाव्याने खिशातून तसाच पंप काढला. "वहिनी, मलाही डॉक्टरांनी हाच दिलाय. सकाळचं बाहेर पडू नका म्हणालेत."

नळवाले चपलांकडे बघत म्हणाले, "मलाही."

"मग येता कशाला?"

"कंडक्टर येतो म्हणून."

"आणि मी तुमच्यासाठी मरतोय रे," हे म्हणाले.

हसायला गेले आणि तिघंही खोकत सुटले. मी कपाळाला हात लावून तिथेच टेकले.

आता सकाळी तिघं आमच्याच खोलीत बसतात, खिडक्या लावून. ऊन चढलं की बागेत जातात, नाहीतर बसल्या जागी पेंगतात. धूर आहे तिथेच आहे. ह्यांच्या छातीची घरघरही आहे. न्हाव्याला माझा चहा पातळ लागतो, नळवाल्यांना अगोड. कप विसळून विसळून जीव मेटाकुटीला येतो. अजून दवाखान्यात न्यावं लागलेलं नाही, एवढंच. अर्धी थंडी बाकी आहे.