उरलेल्या गोळ्यांची तपासणी

औषधांच्या प्रयोगशाळेत उलटेकाकांना खऱ्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. त्यांच्या पदार्थ ओळखणाऱ्या स्पेक्ट्रोमीटर यंत्राच्या आलेखात शिखरं खाली लोंबत, म्हणून हे नाव. नवा माणूस आला की हमखास विचारी, "काका, कागद उलटा धरलाय का?" झालं! काकांची गाडी सुटे.

"अरे, रेणूतला प्रत्येक बंध म्हणजे स्प्रिंग. जिची तिची थरथरायची लय वेगळी. डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश सोडला, की जी ती आपल्या लयीचा घास तेवढा गिळते. तिथं प्रकाश पलीकडे कमी पोचतो, रेघ घसरते. तेच आपलं शिखर! आणि उजवीकडची ही गिचमीड म्हणजे पदार्थाच्या बोटाचा ठसा. एकाचा दुसऱ्याशी जुळायचा नाही."

असा हा बोलका माणूस. त्याची लेक तापानं गेली. गोळ्या चालू असताना गेली.

काकूंनी एकच धोशा लावला. "त्या कोपऱ्यावरच्या औषधवाल्या मेल्यानं खोट्या गोळ्या दिल्या!" एके सकाळी उरलेली पट्टी त्यांनी काकांच्या हातात कोंबली. "जगाच्या गोळ्या तपासता ना? आता घरच्या तपासा. खोट्या निघू द्या, मग बघते त्याच्याकडे."

काकांनाही मनातून तेच हवं होतं.

त्यांनी गोळी खलात घोटली, यंत्राच्या खास कोरड्या मिठात मिसळली, दाबून पातळ चकती केली. आधी नमुन्याशिवाय मोजणी घ्यायची, तिला पार्श्वभूमी म्हणतात, मग नमुन्याची. पहिलीत जे दिसलं ते यंत्र दुसरीतून वगळतं. काकांनी दोन्ही मोजण्या घेतल्या. पडद्यावर रेघ आली ती सपाट. एकही शिखर नाही!

"सापडला!" काका ओरडले. "औषधाचा कण नाही यात! सापडला चोर!"

वजनकाट्यावरच्या बाई धावत आल्या. त्यांनी पडदा नीट न्याहाळला. मग हळूच म्हणाल्या, "काका, नुसता खडू असता तरी काहीतरी उमटलं असतं. पार्श्वभूमी घेताना चकती आतच राहिली का?"

राहिली होती. यंत्रानं गोळीतून गोळीच वगळली होती. या चुकीवरून काकांनी आजवर किती जणांची टर उडवली असेल!

त्यांनी चकती काढली, पार्श्वभूमी पुन्हा घेतली. या वेळी शिखरं एकेक करून आपापल्या जागी उतरली. अस्सल गोळीचा आलेख वर ठेवला. ठसासुद्धा केसभर हलला नाही.

घरी काकू दारातच उभ्या. "निघाल्या ना खोट्या?"

हो म्हणून टाकावं, असं काकांच्या अगदी ओठावर आलं. हिला निदान शिव्या द्यायला कुणीतरी राहील. पण कोपऱ्यावरचा तो माणूसही लेकीबाळींचा.

"खऱ्या होत्या गं."

"नीट बघितलंत?"

"दोनदा."

"मग आपली पोर गेली कशी? सांगा ना! कशी गेली?"

काकू त्यांच्या छातीवर बुक्के मारू लागल्या. काका जागचे हलले नाहीत. काकू दमेपर्यंत त्यांनी मारू दिलं.