उज्वलाताईंचा तारेचा हात

उज्वलाताईंचा राग महाडात नवा नाही. चित्रकलेच्या तासाला कुणी गणित घ्यायला आलं, तर त्या वर्गाच्या दारातच आडव्या उभ्या राहतात. उमरठकडच्या बौद्धवाडीत वाढलेल्या, मुंबईत कला शिकून परतलेल्या, आमच्या जुन्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या. पण त्या दिवशीचा राग वेगळा होता.

पुरात चित्रकलेचा वर्ग छतापर्यंत बुडाला होता. पाणी उतरल्यावर मुलांच्या चित्रांचा चिखलात कालवलेला लगदा उरला. सगळे तो फावड्याने बाहेर ओढत होते, तेव्हा ताईंनी त्यातला घमेलंभर घरी नेऊन वाळवला. पुढे शाळेने नव्या कलादालनासाठी शिल्प करायला सांगितलं, तेव्हा तो बाहेर काढला.

शिल्प म्हणजे पुरुषभर उंचीचा एक हात. आत बांधकामाची काळी तार, वरून जळक्या मोटारींच्या कॉइलमधलं तांबं. बोटांत पक्कड, आणि ती पक्कड त्याच हाताचं मनगट विणत होती. मनगटाखाली तार दिसतच नव्हती. तिथे खळ घालून थापलेला तो लगदा. मध्येच खडूची निळी रेघ, कुण्या मुलाने काढलेल्या सूर्याचा तुकडा. कला कुठून येते, या प्रश्नाला ताईंचं ते उत्तर होतं. खालचा स्टँड मी वेल्डिंग करून दिला होता, म्हणून मला आधी पाहायला मिळालं.

उद्घाटनाच्या सकाळी ताई आणि मी दालनात गेलो, तर हात स्वच्छ. तांबं लखलखत होतं. खाली फरशी ओली.

ते चारुशीलाबाईंनी केलं होतं. बाई मराठीच्या, शाळेतल्या सर्वांत जुन्या, ताईंवर माया असलेल्या. पाहुणे येणार आणि शिल्पावर चिखल, म्हणून त्यांनी पाइप लावला आणि ब्रशने घासून काढलं. कुणी थांबवलंही नाही. महाडात चिखल दिसला की माणूस आधी पाणी शोधतो.

मुख्याध्यापक शरद सरांचं म्हणणं, उलट आता उठून दिसतंय. आधी पुरातून काढलेल्या भंगारासारखं वाटत होतं. ताईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"बाई, विचारायचं तरी."

"अगं, मला वाटलं टेम्पोतून आणताना लागलं असेल. लोकांनी तुला नावं ठेवू नयेत म्हणून..."

"तुम्ही ज्याला घाण म्हणता ना, तेच माझं काम हाय." राग आला की ताईंच्या बोलण्यात गाव येतं. "पोरांची चित्रं होती ती. गटारात घालवलीत."

सर विनवत राहिले, पाहुणे निघालेत, तूर्त असंच राहू दे. ताईंनी आपल्या नावाची पाटी उचकटून काढली. पाहुण्यांनी हे कुणी केलं असं विचारलं, तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हे माझं नाय. हे धुतलेलं हाय." टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणाला कळेना.

कार्यक्रम संपल्यावर चारुशीलाबाई जवळ येऊन सांगू लागल्या. पुरानंतर सगळं घर त्यांनी धुतलं होतं, पण मागच्या खोलीपर्यंत बळच उरलं नाही. तिला लावलेलं कुलूप अजून तसंच होतं. आत त्यांनी क्रोशाने विणलेले रुमाल होते, अर्धी राहिलेली चादर होती, सगळ्यावर पुराचा चिखल तसाच.

"त्यातलं चालेल का गं तुला?"

मला वाटलं, आता ताई विरघळतील. कसलं काय. त्याने पोरांची चित्रं परत येणार नाहीत, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. माफ केलंय असंही समजू नका, म्हणाल्या. मग चपला घातल्या आणि मला घेऊन बाईंच्या घराकडे निघाल्या.

मागच्या खोलीचं कुलूप गंजलं होतं, मी ते करवतीने कापलं. भिंतीवर, कपाटावर, चादरीवर एकच राखाडी थर. बाई उंबऱ्यातच थांबल्या. ताईंनी घमेलं त्यांच्या हातात दिलं.

"मी नाय काढणार. तुमचं हाय, तुम्हीच खरवडा."

बाई खाली बसल्या आणि नखांनी चादरीची कड सोडवू लागल्या. थराचा एक पापुद्रा निघाला, खालून टाक्यांची नक्षी दिसली. बाईंचा पदर आपसूक तिच्यावर गेला.

"पुसू नका," ताई कडाडल्या.