चार बोटं खाली

गेल्या वर्षी तपासणीच्या रांगेतून उठताना पुढच्या बाईंनी पदराआड हात घालून परकराची नाडी हळूच सैल केली. मी चमकलेच, कारण सहा महिने मीही हेच करत होते. किडनी काढल्यावर कमरेपाशी जो व्रण राहतो, त्यावर नाडी नेमकी काचते. पण हे सांगायचं कुणाला? डॉक्टर पुरुष, नवरा भाबडा. त्यातून माझा कॅन्सर दुर्मीळ जातीचा. "असे पेशंट क्वचितच येतात," हे तीन दवाखान्यांत ऐकून मला वाटायला लागलं होतं, की अख्ख्या जगात मी एकटीच.

धीर करून बाईंना विचारलं. त्यांची डावी किडनी गेलेली, माझी उजवी. आजाराचं लांबलचक नाव मात्र एकच निघालं!

"अगं, नाडी व्रणाच्या चार बोटं खाली बांध," त्या म्हणाल्या. "मला सात वर्षं झाली. लेकीच्या लग्नात नऊवारी नेसून मिरवले मी."

उपचारांनी जीव वाचला, हे खरंच. पण पुढे जगायचंय, हे मला त्या चार बोटांनी सांगितलं. धीर असा परकराच्या नाडीला धरूनही येतो.

आज माझा रिपोर्ट पुन्हा चांगला आला. काठपदराची साडी चापूनचोपून नेसून मी तोऱ्यात जिना उतरत होते. खाली बाकावर एक तरुण मुलगी, मांडीवर फाइल घेऊन, सलवारीची नाडी चाचपत अवघडून बसली होती.

मी तिच्याशेजारी ऐसपैस बसले आणि म्हटलं, "काचते ना गं?"