चाकाखाली गेलेली फुली

मल्लिनाथअप्पांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा मी त्यांना चोर समजत होते. गौरवग्रंथात हे वाक्य शोभत नाही, कळतं मला. पण अप्पांच्या पंचाहत्तरीला खोटं लिहून कसं चालेल?

जन्मभर शाळेत शिकवलं. पोरांच्या बाह्यांतल्या चिठ्ठ्या पकडण्यात माझी नजर तयार झालेली. त्यात आमच्या छोट्या रेल्वेगाड्यांच्या हौशी मंडळातल्या एकाने कानात सांगितलं, "अप्पा गिरणीत लेथ चालवणारे जुने टर्नर, हात सोन्याचा, पण दुरुस्तीत जुनी चाकं ठेवून घेऊन नवी घालतात म्हणे." मला तेवढं 'म्हणे' पुरलं. माझं पितळी इंजिन बाबांनी स्वतः घडवलेलं, सहाही चाकं त्यांच्या हातची. बाबांच्या हातचं एवढंच माझ्याकडे उरलं होतं, आणि ते रुळांच्या सांध्यावरून जाताना दरवेळी घसरायचं. मधल्या जोडीचं एक चाक आसावर ढिलं होऊन बाहेर सरकलं होतं. इंजिन देण्याआधी मी त्या चाकामागे, आसाच्या उघड्या पडलेल्या चकचकीत जागेवर, कंपासच्या टोकाने बारीक फुली ओढून ठेवली. जोडी बदलली की पकडलंच म्हणून समजा!

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या त्यांच्या खोलीत मी रोज जाऊन बसायची. "शांता, बाई पहाऱ्यावर आल्यात, चहा टाक," असं अप्पा काकूंना सांगत, एकुलती एक खुर्ची मला देत आणि स्वतः पत्र्याच्या डब्यावर बसत. मी मेली चहासुद्धा आधी हुंगून बघायची.

पण संशयात अप्पा माझे गुरू निघाले. चाक फिरवून मागे पांढरा कागद धरायचे आणि फट कमीजास्त होते का ते बघायचे. नीट दिसलं तरी समाधान नाही. मोतीबिंदू काढल्यापासून स्वतःच्या डोळ्यांवरही त्यांचा भरवसा नव्हता. "नोडु," असं कानडीत 'बघ' म्हणून काकूंना बोलवायचे आणि काकू पिठाच्या हातांनी येऊन बघून जायच्या. हे सगळं मला आवडायला लागलं होतं, तोच एका ताटलीत सहा नवीकोरी चाकं दिसली आणि माझा संशय पुन्हा जागा झाला.

इंजिन परत मिळालं. जुळे सोलापुरात घरी आणून सांध्यावरून दहादा नेलं, एकदाही घसरलं नाही. मग मोबाईलच्या उजेडात भिंग लावून पाहिलं. फुली नाही! तशीच रिक्षा केली आणि दारातूनच विचारलं, "अप्पा, माझ्या बाबांचा आस कुठाय?"

अप्पा चिडले नाहीत. "तुमी फुली काढली तवा चाक सरकलेलं होतं की. आता ते जागेवर बसलंय, फुली त्याच्याखाली गेली. चाकाच्या भोकात पातळ बुश, नळीगत कडं, तेवढं घातलंय, बाकी सगळं वडलांचंच हाय. काढून दाखवू?"

"बुश वाया जाईल, चार दिवसांचं काम पुन्हा," काकू आतून म्हणाल्या.

मला ते कळत होतं. तरी मी म्हणाले, "काढा."

अप्पांनी चाक ओढून काढलं. फुली तिथेच होती, माझ्याच हातची, जराशी वाकडी. ताटलीतली चाकं दुसऱ्याच कुणाच्या इंजिनाची होती. मला तोंड लपवायला जागा उरली नाही, रडूच आलं. अप्पा म्हणाले, "विचारलं ते लई बरं केलं, बाई. न विचारता घरी बसला असता, तर मी जन्मभर चोरच ऱ्हायलो असतो की." चार दिवसांनी त्यांनी चाक पुन्हा बसवून दिलं. ते 'म्हणे' सांगणारे गृहस्थही हा ग्रंथ वाचणार आहेत, म्हणून हे सगळं लिहिलं.

माझा स्वभाव गेलाय असं मात्र समजू नका. "तब्येत एकदम झकास हाय," असं अप्पा सांगतात, त्यावर माझा काडीचा विश्वास नाही. रक्तदाबाची गोळी ते गिळतात की खिशात टाकतात, हे बघायला मी अजून त्या खुर्चीत जाऊन बसते. चाकाखालची फुली मी पुन्हा कधी तपासली नाही. अप्पांची गोळी मात्र तपासणार, ते शंभरी ओलांडेपर्यंत, रोज.