अंबाबाईची गाठ

घोटावड्याजवळच्या पंख्यांच्या कारखान्यात लोकांकडून परत आलेले जुने पंखे सुटे करायचं काम अंबाबाईकडे होतं. प्लॅस्टिकच्या पात्यांची जुडी केली की ती घरच्या मेंढरांच्या लोकरीचा दोरा काढी आणि सासऱ्यानं शिकवलेली कोकरू बांधायची गाठ मारी. मग जुडीवरचा कोड मशीनला दाखवायचा. काही दिवसांनी पडद्यावर हिरव्या अक्षरांत उमटे, ‘नव्या पंख्यात वापरली’.

“मावशी, आपलं एकही पातं मातीत जात नाही,” ऑफिसातल्या पल्लवी मॅडम म्हणायच्या. अंबाबाईनं ते वस्तीवर दारोदार सांगितलं आणि बायांचे जुने पंखे फुकट गोळा करून आणले.

सुट्टीच्या दिवशी ती डोंगरामागच्या बंद दगडखाणीकडे शेरडं घेऊन गेली. एक शेळी कसलासा दोरा चघळत होती. अंबाबाईनं तो ओढला, तर मागनं पात्यांची जुडी आली. खाली अख्खी खाण तसल्याच जुड्यांनी भरलेली. एकीचीही गाठ कुणी सोडलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनं ती जुडी मॅडमच्या टेबलावर आदळली.

मॅडमनी आधी उठून दार लावलं. “मावशी, हळू बोला.”

“म्हंजी तुमाला ठावं व्हतं!”

“वरून सांगतात तसं मशीनमध्ये भरावं लागतं. कारखान्याचं नाव आहे, मावशी.”

“वस्तीवरच्या बायांनी पंखे कारखान्याला न्हाई दिले, मॅडम,” अंबाबाई म्हणाली. “मला दिले व्हते.”