तिच्याच लॉगिनले कोरा फॉर्म

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर निघाली नाही. बायकोजवळ नाही, मायजवळ नाही. तुमच्यापाशी बोलून राहिलो, कारण तुम्ही मले ओळखत नाही — अन् ओळखत असते तर बोललो असतो? नाही. इतका काही मी शूर नाही.

गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्याच्यानंतरचं आहे हे. भंडाऱ्यात विणकरांची एक संस्था होती. तिकडचे विणकर तिकडे गेले, इकडच्यांची नोंदणी नव्यानं कॉम्प्युटरवर चढवायची होती. नागपूरले जावा शिकून आलेला मी एकटाच — तोरा तर विचारूच नका. प्रोग्राम मीच बनवला. ब्राउझरमध्ये फॉर्म उघडे, चाळीस रकाने भरायचे, खाली 'जतन करा'. भरायले तीन बाया, सहा महिन्यांच्या करारावर. काम बरं झालं तर पुढेही ठेवणार होते.

त्यातली एक सुनंदाताई. आंधळगावची. घरचा माग बंद पडलेला, नवरा घरी बसलेला, पस्तिशीत टायपिंग शिकून आलेली. ही नोकरी टिकली तर तिचं घर चालन — हे मले माहीत होतं. माहीत असून केलं, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

पहिल्याच आठवड्यात ती संस्थेच्या साहेबांसमोर हसली. "अजी भाऊ, मागाचा प्रकार कुठं भरू? रकानाच नाही ना जी! माग पायला हाये का तुमी कधी?" साहेब हसले. चपराशी हसला. तिच्या मनात काही नव्हतं — आज समजते, अन् खरं सांगू? तेव्हाही समजत होतं. पण मिरची झोंबली ती झोंबलीच. आमच्या घरी कापडाचं दुकान, याच विणकरांचा माल विकून आम्ही मोठे झालो — अन् मागाचा रकानाच मी विसरलो!

तर मी काय केलं... फॉर्ममध्ये काही चुकलं, पिनकोडात पाचच आकडे पडले, तर प्रोग्राम फॉर्म परत पाठवे. परत येताना भरलेलं सगळं जागच्या जागी आलं पाहिजे, नुसती चूक लाल दिसली पाहिजे. तसं मी केलंच होतं. मग एका दुपारी त्यात एक अट टाकली — लॉगिन सुनंदाताईचं असेल तर कोरा फॉर्म पाठव. दोनच ओळी. चाळीसच्या चाळीस रकाने साफ! अन् दर वेळी नाही हो — दर वेळी पुसलं तर कोणीही पकडते. कधी पुसे, कधी नाही. हुशार माणूस ना मी.

बाजूच्या टेबलावर बसून मी चहा पीत पाहत राहो. ती बटन दाबे, पडदा कोरा होये, तिचे ओठ नुसते हालत. मग पहिल्या रकान्यापासून पुन्हा. मले मजा ये. हो — मजा. दुसरा शब्द काहून शोधू?

एकदा तिनं बोलावलं. "भाऊ, माहंच काहून पुसते जी?" मी तिच्या खुर्चीवर बसलो, माझं लॉगिन टाकलं, मुद्दाम चूक केली. सगळं जागच्या जागी. "पाहा, चालते ना? तुमचंच कुठंतरी बोट लागत असन." ती आपल्या बोटांकडे पाहत राहिली. मले वाईट वाटलं का? नाही. मी जागेवर येऊन सुपारी तोंडात टाकली.

मग ती आधी सगळं वहीत लिही, दोनदा तपासे, तेव्हा टाइप करे. तरी चूक होयेच — कोणाची होत नाही? दुपारचा डबा तसाच घरी जाये. हसणं तर कधीचंच बंद. बाकी दोघींच्या निम्मेही फॉर्म तिचे होत नव्हते.

साहेबांनी मले विचारलं — प्रोग्रामात तर काही खोट नाही ना? त्या वेळी तोंड उघडता आलं असतं. मी म्हटलं, "नाही सर, बाई हळू आहे." करार संपला. दोघी राहिल्या, तिले काढलं. जाताना मलेच म्हणे, "भाऊ, तुमाले लय तरास देला मी." मी म्हटलं, "असू द्या." अन् ती बसस्टँडवर पोचली नसेल, तोवर त्या दोन ओळी काढून टाकल्या. करून सवरून नामानिराळा.

पुढं मी भंडाऱ्याजवळ शहापूरले ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान टाकलं. काही वर्षांनी एक दिवस सुनंदाताई पोरीले घेऊन आली. मले पाहून खूश झाली — खूश! पोरीचा नर्सिंगचा फॉर्म होता, शेवटचा दिवस. पोरगी आत आली, ही मात्र दारातच उभी. "या ना ताई," म्हटलं. "नोको जी. मी जवळ आली का सारं पुसून जाते."

दुकानात दुसरं कोणी नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं — किती लागते एका वाक्याले? मी फॉर्म भरला, पावती पोरीच्या हातात दिली. सुनंदाताई दारातूनच म्हणाली, "भाऊच्या पाया पड." पोरगी वाकली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, अन् सुनंदाताईले म्हटलं, "तुम्ही दूर उभ्या राहिल्या, बरं केलं."

तिनं मान डोलावली.